हातातला मोबाईल : सोय किती, जोखीम कोणाची?

मागील वर्षी प्रवेशाच्या दिवसांत संस्थेतर्फे आम्ही काही कार्यकर्ते विहाराच्या ओसरीवर टेबल टाकून बसत होतो. मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाईन भरून द्यायचे, दाखले तपासायचे, राहिलेले कागद सांगायचे, एवढेच काम. एके दिवशी पदवीच्या दुसऱ्या वर्षात गेलेली एक मुलगी आईला घेऊन आली. आई यंत्रमागावर कांड्या भरायला जाणारी, त्या दिवसाचा रोज बुडवून आलेली. पहिल्या वर्षाचा अर्ज त्यांनी एका दुकानातून भरून घेतला होता. घरात एकच मोबाईल, तोही वडिलांबरोबर परगावी. म्हणून दुकानदाराने "अडचण नको" म्हणत स्वतःचा मोबाईल नंबर आणि स्वतःचाच ई-मेल पत्ता टाकून दिला. युजरनेम आणि पासवर्ड त्याच्या वहीत राहिले. वर्षभरात दुकान बंद झाले, दुकानदार गाव सोडून गेला आणि ओटीपी मात्र अजून त्याच्याच मोबाईलवर जात होता. रिन्युअलचा अर्ज भरायचा तर खाते उघडेना. स्वतःच्याच जातीच्या दाखल्याला, स्वतःच्याच गुणपत्रिकेला त्या मुलीला हात लावता येईना.

त्या दुकानदाराने तिला फसवले असे आम्ही म्हणणार नाही. त्याने तिची सोय केली. चोरी झाली नाही, पैसा गेला नाही, तरी वर्षाची शिष्यवृत्ती टांगणीला लागली. मोबाईलच्या सुरक्षिततेविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते ते बहुधा चोरांविषयी असते. आमच्या टेबलावर आलेल्या अडचणींपैकी निम्म्याहून अधिक चोराशिवायच्या होत्या. म्हणून सदर लेखात या विषयाकडे थोडे घरच्या बाजूने पाहावे, असे योजले आहे.

सोय, सुरक्षितता आणि खासगीपण या तीन गोष्टी एकाच पांघरुणासारख्या आहेत. पाय झाकावेत तर डोके उघडे पडते. पासवर्डच नसलेला मोबाईल वापरायला सोपा, पण हरवला तर सगळे उघडे. पंधरा अक्षरी पासवर्ड फार भक्कम, पण आजीला तो आठवत नाही, म्हणून ती चिठ्ठीवर लिहून मोबाईलच्या कव्हरमध्येच ठेवते, म्हणजे भक्कमपणाही गेला. तिन्ही गोष्टी पूर्णपणे एका वेळी मिळत नाहीत. कशाला किती जपायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे लागते, आणि ठरवण्यासाठी कोणती किल्ली कोणते दार उघडते, हे आधी समजावे लागते.

आपल्या विट्याच्या माणसाला हे समजावणे तसे अवघड नाही. खानापूर, आटपाडी, कडेगाव या भागांतील किती घरांतील माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत! सोने-चांदी शुद्ध करणाऱ्याचा धंदा विश्वासावर चालतो. आलेल्या गिऱ्हाइकाला बाकावर बसवतात, चहा देतात, तराजू त्याच्यासमोर धरतात, पण तिजोरीची किल्ली त्याच्या हाती देत नाहीत. दुकानाच्या दाराला एक कुलूप, तिजोरीला दुसरे. सगळ्यांना एकच किल्ली लावणारा गलाईवाला आम्ही अजून पाहिलेला नाही. मोबाईलच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो. गाणी ऐकण्याचे, फोटो काढण्याचे, पैसे पाठवण्याचे आणि जातीचा दाखला ठेवण्याचे साधन एकच, आणि त्याची किल्ली घरातल्या सहा वर्षांच्या मुलापासून दुरुस्तीवाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक.

सोय नको असे कोणी म्हणू नये. परप्रांतात भट्टीपुढे राबणाऱ्या मुलाची मनिऑर्डर पोस्टमन घेऊन येईपर्यंत किराणा दुकानाची उधारी किती वाढायची, हे ज्यांनी सोसले त्यांना विचारावे. आज तो तिकडे बटण दाबतो आणि इकडे आईच्या मोबाईलवर संदेश वाजतो. ही यूपीआयची व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने 2016 साली सुरू केली. त्याच वर्षी 30 डिसेंबर रोजी केंद्र सरकारने त्यावर चालणारे 'भीम' हे अ‍ॅप आणले आणि ते नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावावरून ठेवल्याचे पंतप्रधानांनी जाहीर केले. बाबासाहेब चलनाचे अभ्यासक होते, 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ 1923 चा. नाव ठेवणे सोपे, असे आमच्यातील एक ज्येष्ठ त्या वेळी म्हणाले होते. असो.

अंगठा, आकडा आणि ओटीपी

आधारची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातच झाली. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्याच्याकडे कोणताच कागद नाही, त्याला आपली ओळख पटवता यावी हा त्यामागचा हेतू. तो हेतू लहान नव्हता. कागद नाही म्हणून रेशन नाही, बँकेत खाते नाही, हा अनुभव आपल्या वस्त्यांना नवा नाही.

परंतु आधारचे तीन भाग वेगवेगळे आहेत आणि त्यांची गल्लत होते. बारा आकड्यांचा क्रमांक हा एक भाग. बोटांचे ठसे व डोळ्यांची बुबुळे हा दुसरा. आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी हा तिसरा. नुसता क्रमांक दुसऱ्याला कळला म्हणून बँकेतले पैसे जात नाहीत, ही भीती मनातून काढावी. क्रमांकाबरोबर अंगठा किंवा ओटीपी मिळाला तर मात्र दार उघडते. क्रमांक हा घराचा पत्ता समजावा, ओटीपी ही एकदाच चालणारी किल्ली, आणि अंगठा ही कधीच न बदलता येणारी किल्ली. पासवर्ड चोरीला गेला तर दुसरा ठेवता येतो. अंगठ्याचा ठसा चोरीला गेला तर दुसरा अंगठा कोठून आणणार?

आमच्या आजोबांच्या पिढीत अंगठा लावणे ही लाजेची गोष्ट होती. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे न कळता अंगठे उठले आणि जमिनी गेल्या. शिकलेला सही करी, न शिकलेला अंगठा. आज पदवीधरही अंगठा लावतो, आणि खरे पाहता यंत्राच्या पलीकडे काय लिहिले गेले, हे त्यालाही कळत नाही. गावोगावच्या बँक मित्राकडे लहानसे यंत्र असते. आधार क्रमांक आणि बँकेचे नाव सांगायचे, अंगठा लावायचा, पैसे मिळतात. पिन नाही, कार्ड नाही. ज्या म्हाताऱ्या बाईला पिन आठवत नाही तिच्यासाठी ही फार मोठी सोय. पण याच सोयीमुळे देशात इतरत्र जमीन नोंदणीच्या कागदांवरील ठशांवरून सिलिकॉनचे खोटे अंगठे बनवून खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे घडले आहेत. दुसरा प्रकार याहून साधा. अंगठा लावून घ्यायचा आणि "सर्व्हर डाऊन आहे, पुन्हा लावा" असे सांगायचे. पहिल्या अंगठ्यालाच पैसे निघालेले असतात. म्हणून प्रत्येक अंगठ्याची छापील पावती मागावी, व्यवहार झाला नाही असे सांगितले तरीही.

यावर उपाय आहे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून किंवा अ‍ॅपवरून आपले ठसे कुलूपबंद करता येतात, म्हणजे कोणीही खोटा अंगठा लावला तरी तो चालत नाही. हे ऐकून आमच्यातील एका उत्साही तरुणाने आपल्या आजीचे ठसे लॉक करून टाकले. महिनाअखेरीस आजी रेशन दुकानात गेली. अंगठा लागेना. रांगेतून तिला परत यावे लागले. सुरक्षितता वाढली आणि तांदूळ थांबला! ठसे पुन्हा थोड्या वेळापुरते उघडता येतात, पण त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल जवळ लागतो, आणि तो नातवाच्या खिशात. यावरून आम्ही शिकलो ते असे की शहरात राहणाऱ्या, अंगठा क्वचित लावणाऱ्या तरुणाने ठसे जरूर लॉक ठेवावेत. रेशनवर अवलंबून असलेल्या एकट्या म्हाताऱ्या माणसाचे ठसे लॉक करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. तिच्यासाठी दुसरी वाट अशी की मोठी रक्कम ज्या खात्यात आहे ते आणि आधारवर पैसे काढण्याचे खाते वेगळे ठेवावे.

झेरॉक्सचेही असेच. 27 मे 2022 रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या प्रादेशिक कार्यालयाने, आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार द्या, अशी सूचना काढली. देशभर गोंधळ उडाला आणि दोनच दिवसांत सरकारने ती सूचना मागे घेतली, गैरसमज होऊ शकतो म्हणून. नेहमीची काळजी घ्यावी, एवढेच सांगितले. नेहमीची काळजी म्हणजे काय, ते सामान्य माणसाला कोणी सांगितले नाही. आमच्या मते ती अशी : लॉज, खोलीमालक, सिम विकणारा यांना चारच आकडे दिसणारे आधार द्यावे. हे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मोफत मिळते. पूर्ण झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते आडवे लिहून सही करावी. आणि सार्वजनिक संगणकावर उतरवून घेतलेली फाईल काम झाल्यावर पुसावी. सेवा केंद्रांच्या संगणकांवर शेकडो अनोळखी लोकांची आधार कार्डे, पासबुके, फोटो तसेच पडलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत.

याचे काय होऊ शकते, हे शेजारच्या सातारा जिल्ह्याने 2024 च्या सप्टेंबरात पाहिले. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना नुकतीच सुरू झाली होती. महिना दीड हजार रुपयांसाठी बाया रांगा लावून कागद देत होत्या. इतर महिलांचे आधार क्रमांक वापरून एका दांपत्याने तीसच्या आसपास अर्ज भरल्याचा आरोप होऊन पोलिसांनी कारवाई केली. खारघरच्या एका महिलेचा अर्ज भरला जाईना, तेव्हा तिच्या क्रमांकावर आधीच कोणीतरी अर्ज केल्याचे उघड झाले. त्या बाईच्या घरी चोर शिरला नव्हता. तिचे फक्त बारा आकडे बाहेर फिरत होते.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. शिष्यवृत्तीची किंवा योजनेची रक्कम आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईल असे अनेकांना वाटते. आधारवर आधारित थेट लाभाचे पैसे आधार क्रमांक शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला त्या खात्यात जातात. कोणी मोफत खाते उघडून देतो म्हणाला, आपण अंगठा दिला, आणि पुढची रक्कम त्या विसरलेल्या खात्यात जाऊन बसली, अशी उदाहरणे आमच्या टेबलावर एकापेक्षा अधिक आली. कोणते खाते जोडलेले आहे ते आधारच्या संकेतस्थळावर स्वतः पाहता येते.

खासगीपण ही श्रीमंतांची चैन आहे काय?

"आमच्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?" हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. प्रश्न विचारणारे बहुधा प्रामाणिक कष्टकरी असतात. त्यांना आम्ही हजेरीची आठवण करून देतो. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. ज्या जमातींवर तो शिक्का बसला, त्यांच्या माणसांनी गुन्हा केलेला असो वा नसो, चावडीवर हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची, ठसे द्यायचे. जन्मामुळे संशयित. हा कायदा स्वातंत्र्यानंतर 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. आपल्या सांगली-सातारा भागात ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी रात्रीची हजेरी दिली, ती घरे आजही आहेत. त्यांच्याकडेही लपवण्यासारखे काही नव्हते. कोणी कोठे जायचे, कोणाकडे मुक्काम करायचा, हे दुसऱ्याच्या वहीत लिहिले जाणे, हाच जाच होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 साली शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे संविधान सभेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती-जप्ती होऊ नये, असा हक्क त्यांनी त्यात मूलभूत हक्कांमध्ये घातला होता. घटनेच्या अंतिम मसुद्यात तो स्वतंत्र कलम म्हणून आला नाही. पुढे उत्तर प्रदेशातील खडकसिंग नावाच्या माणसाच्या घरी पोलीस रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावीत, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1962 साली न्यायालयाने त्या रात्रीच्या भेटी बेकायदा ठरवल्या, पण बहुमताने असेही म्हटले की खासगीपण हा मूलभूत हक्क नाही. हे मत बदलायला पंचावन्न वर्षे गेली. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्या निकालात संविधान सभेतील हा जुना इतिहासही आला आहे. विद्यार्थ्यांनी तो भाग मुद्दाम वाचावा.

आता हे सगळे आपल्या मोबाईलमध्ये कोठे येते? एका महाविद्यालयाने शिष्यवृत्तीची यादी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली. नाव, प्रवर्ग, मोबाईल नंबर, बँक खात्याचा क्रमांक, सगळे एका तक्त्यात. टाकणाऱ्याचा हेतू चांगला, मुलांना लवकर कळावे. पण पुण्यात चार मुलांत खोली घेऊन राहणाऱ्या आपल्या एका मुलाची जात त्या दिवशी खोलीत सर्वांना कळली. ती लपवावी असे आम्ही म्हणत नाही. जात सांगायला आम्हांला लाज नाही. मात्र कधी, कोणाला आणि कशा प्रसंगी सांगायचे, हे त्या मुलाने ठरवायचे की कार्यालयातील बाबूने? त्या मुलाने पुढच्या महिन्यात खोली बदलली. कारण विचारले तर म्हणाला, कॉलेज लांब पडत होते.

संस्थेच्या गटावरही आम्ही अशा याद्या टाकत होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. आता फक्त अर्ज क्रमांक टाकतो.

केंद्र सरकारने 2023 च्या ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात आले. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. माहिती कशासाठी घेतो ते आधी सांगावे, संमती घ्यावी, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घ्यावी, आणि संमतीची सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याची सोय ठेवावी, असे त्यात आहे. सरकारी खात्यांना त्यात बरीच सूट ठेवली आहे, ही टीका आम्हांला रास्त वाटते. ज्याच्याकडे सर्वांत अधिक माहिती, त्यालाच मोकळीक.

पैशाचे कुलूप

बँकेच्या बाजूनेही घरफोड्या होतात. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत 2018 च्या ऑगस्टमध्ये घुसखोरी होऊन बनावट कार्डांद्वारे व परदेशी हस्तांतराने 94 कोटी रुपयांच्या वर रक्कम गेली. अवघ्या दोन-तीन दिवसांत, अनेक देशांतील एटीएममधून. तेथे कोणत्याही खातेदाराने ओटीपी दिला नव्हता. त्यामुळे सगळा दोष ग्राहकाच्या अज्ञानावर ढकलणाऱ्या पोस्टरांचा आम्हांला थोडा राग येतो. पण आपल्यासारख्यांचे पैसे बहुतेक वेळा ज्या वाटेने जातात, ती वाट आपल्याच हातातून जाते, हेही खरे.

ही वाट समजण्यासाठी एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. यूपीआयचा पिन हा पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. "तुम्हांला पाच हजार पाठवतो, फक्त पिन टाका" असे कोणी म्हणाला की तो चोर. यात अपवाद नाही.

दुसरी वाट भीतीची. पोलिसाच्या गणवेशात माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या नावाने पार्सल सापडले, तुमच्या आधारवर गुन्हा आहे, तुम्हांला 'डिजिटल अरेस्ट' केले आहे, मोबाईल बंद करायचा नाही, कोणाला सांगायचे नाही, असे धमकावतो. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकार नाही. 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनाही हे सांगावे लागले, यावरून प्रकार किती फोफावला असेल ते दिसते. आपल्या माणसांना याची अधिक काळजी घ्यायला हवी, कारण पोलीस म्हटले की घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय आजही लटपटतात. त्या भीतीला कारण आहे, आणि चोराला ते ठाऊक आहे.

तिसरी वाट आमंत्रणाची. 2025 च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीच्या एका शासकीय कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. ती उघडली आणि खात्यातून एक लाख नव्वद हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हतीच, एपीके नावाची फाईल होती, म्हणजे अ‍ॅपच. ते मोबाईलमध्ये बसले की आलेले संदेश, ओटीपीसुद्धा, परस्पर चोराकडे जातात. लग्नपत्रिका, वाहतुकीचा दंड, बँकेचे केवायसी, वीजबिल, कोणत्याही नावाने आली तरी एपीके फाईल उघडू नये. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, आणि जवळच्याची असेल तर तो घरी येऊन देतो.

झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपविषयी दोन शब्द. दवाखान्यासाठी पाच हजार हवेत, बँक उभी करत नाही, अ‍ॅप दहा मिनिटांत देते. त्या बदल्यात ते मोबाईलमधील सर्व नंबर आणि फोटो मागते. हप्ता चुकला की नातेवाइकांना, मालकाला, शिक्षकांना फोन, आणि बाईमाणसाचा फोटो विद्रूप करून पाठवण्याची धमकी. रिझर्व्ह बँकेने 2 सप्टेंबर 2022 च्या सूचनांनी कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना मोबाईलमधील नंबरांची यादी, फोटो आणि कॉलची नोंद उघडण्यास मनाई केली. म्हणजे जे अ‍ॅप ही परवानगी मागते ते नियमातले नाही, हे तेथेच ओळखावे. सावकाराने जमीन लिहून घेतली, हा अब्रू लिहून घेतो. गल्लीतला बचत गट सावकाश कर्ज देतो, चार प्रश्न विचारतो, तरी आम्ही तोच बरा म्हणू.

पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावरही तक्रार करता येते. "ताबडतोब" हा शब्द आम्ही शोभेला लिहिलेला नाही. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून दहाव्या खात्यात हलवतो, वाटेत रक्कम गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा. संध्याकाळी यजमान आल्यावर विचारू, सोमवारी बँकेत जाऊ, यात पैसा गेलेला असतो. बँकेला कळवण्याचेही तसेच. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने असे ठरवले की ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्याने फसवणूक केली आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर तोटा ग्राहकावर पडू नये. स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा आपला. म्हणून लाज बाळगून गप्प बसणे सर्वांत महाग पडते. पैसे गेल्यावर घरच्या सुनेला किंवा मुलाला जो बोल लावतो, तो पुढच्या वेळी तिला गप्प बसायला शिकवतो.

एक मोबाईल, पाच माणसे

पुस्तकी सल्ला असा असतो की आपला पासवर्ड कोणालाही सांगू नये. ज्या घरात एकच मोबाईल, त्यावर मुलाचा अभ्यास, आईची योजना, बापाचे यूपीआय आणि आजीचा दवाखाना आहे, तेथे या सल्ल्याचा उपयोग काय? अशा घरासाठी आम्ही सुचवतो ते थोडे निराळे आहे. मोबाईल उघडण्याचे कुलूप घरात सर्वांना माहीत असावे. पैशाच्या अ‍ॅपला वेगळे कुलूप असावे आणि त्याचा पिन दोघांनाच माहीत असावा, त्यांतील एक घरातील बाई असावी. ज्या खात्याला यूपीआय जोडले त्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवावी, बचत दुसऱ्या खात्यात. चोरी झाली तरी तिजोरी वाचते, गलाईवाल्याची दोन कुलपे ती हीच. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये दोन टप्प्यांचा सहा आकडी पिन ठेवावा, म्हणजे नुसत्या ओटीपीवर कोणी आपले खाते पळवू शकत नाही.

मुलींच्या बाबतीत एक कडू गोष्ट. घरात "सुरक्षितता" या नावाखाली मुलीचा मोबाईल तपासला जातो, मुलाचा नाही. तिचे मेसेज भाऊ वाचतो. एखाद्याने तिला त्रास दिला तर ती घरी सांगत नाही, कारण सांगितले की मोबाईलच काढून घेतला जाईल आणि कॉलेजही बंद होईल. खासगीपण गेले आणि सुरक्षितताही गेली. त्रास देणाऱ्याची तक्रार करणाऱ्या मुलीचा मोबाईल घरात शाबूत राहील एवढी हमी पालकांनी दिली तर अनेक प्रकरणे पहिल्याच आठवड्यात थांबतील, असा आमचा अनुभव आहे.

पासवर्ड वहीत लिहू नयेत असे तज्ज्ञ सांगत. आम्ही मात्र लिहा म्हणतो. घराच्या पेटीत ठेवलेली वही उघडायला चोराला विट्याला यावे लागेल, आणि तेवढ्यासाठी तो येणार नाही. एटीएम किंवा यूपीआयचा पिन मात्र वहीत नको. वहीत लिहावा तो ई-मेल पत्ता, शिष्यवृत्तीच्या खात्याचे युजरनेम व पासवर्ड, कोणत्या कामाला कोणता मोबाईल नंबर दिला आहे ते, आणि मोबाईलचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक. मोबाईलवर स्टार हॅश झिरो सिक्स हॅश दाबले की तो दिसतो. मोबाईल चोरीला गेल्यास पोलिसांत तक्रार करून सरकारच्या 'संचार साथी' व्यवस्थेतून याच क्रमांकावर तो बंद पाडता येतो. जुना नंबर सोडताना आधार, बँक आणि शिष्यवृत्ती या तिन्ही ठिकाणी तो आधी बदलावा. बराच काळ रिचार्ज न केलेला नंबर बंद होऊन पुढे तो दुसऱ्याच माणसाला दिला जातो, आणि आपले ओटीपी त्याच्याकडे वाजू लागतात.

दाखले मात्र मोबाईलच्या फोटोंत ठेवण्यापेक्षा 2015 साली सुरू झालेल्या सरकारी डिजिलॉकरमध्ये ठेवावेत. संबंधित खात्याने त्यात थेट दिलेला दाखला कायद्याने मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे. मोबाईल पाण्यात पडला तरी दाखला बुडत नाही. पण मूळ कागद टाकून देऊ नयेत. आमच्या टेबलावरच दोन दिवस इंटरनेट बंद होते, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागदच कामी आले.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीचे काम अकरा दिवस चालले. प्रथम आधार केंद्रात जाऊन तिच्या आधारला मोबाईल नंबर जोडावा लागला. तो नंबर कोणाचा द्यायचा यावर घरात चर्चा झाली. वडिलांचा नंबर परगावी, भावाचे सिम दर सहा महिन्यांनी बदलणारे. शेवटी आईच्या नावावर नवे सिम घेतले आणि साधा बटणांचा मोबाईल, कारण ओटीपी वाचायला तेवढा पुरतो आणि त्यात एपीके बसत नाही. नवा नंबर आधारवर चढायला आठवडा गेला. त्यानंतर आधारच्या ओटीपीने शिष्यवृत्तीचे खाते उघडले, दुकानदाराचा नंबर व ई-मेल काढून तिचा स्वतःचा घातला आणि मुदतीला दोन दिवस राहिले असताना अर्ज गेला. ओटीपी आला तेव्हा आईने तो मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. मुलीने तिला थांबवले आणि म्हणाली, "आई, माझ्याकडे दे, मी टाकते."